वारंवार येणाऱ्या चौकटी आणि स्वयंचलित क्लिक : साधनाची निवड कशी करावी?

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही वनजिल्ह्यांत गावाचा कारभार आणि जंगल यांचे नाते पूर्वापार आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने त्या नात्याला कायद्याचे अधिष्ठान लाभले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द झाले. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचे संकलन व विक्री स्वतःकडे घेतली.

हक्काबरोबर हिशेबही आला. पूर्वी ठेकेदाराच्या मुन्शीच्या वहीत राहणारी संकलकांची नावे आता संगणकावर भरावी लागतात. सत्तर पानांचा एक पुडा, शेकडा पुड्यांचा दर, त्यावरून निघणारी मजुरी आणि ती जमा व्हावयाचे बँक खाते, असा हा तपशील. समजा, एखाद्या गावात २४० संकलक आहेत. प्रत्येक नोंदीस सहा क्लिक आणि दोन चौकटी लागतात. एक चौकट 'नक्की जतन करावयाचे काय?' असे विचारते, तर दुसरी 'नोंद जतन झाली' असे सांगते. म्हणजे एका हंगामात १,४४० क्लिक झाले आणि ४८० चौकटी बंद कराव्या लागल्या. शाळेत विद्यार्थ्यांची माहिती संकेतस्थळावर भरणाऱ्या शिक्षकांना या कष्टाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

हे काम संगणकाकडूनच करून घेणारी साधने आहेत. मात्र त्यांची निवड करण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. संबंधित संकेतस्थळावर संपूर्ण यादी एकदम चढविण्याची सोय आहे काय? तशी सोय असल्यास तक्ता तयार करून तो चढवावा. क्लिकचा प्रश्नच उरत नाही. ही सोय पुष्कळदा पानाच्या एखाद्या कोपऱ्यात असते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

तशी सोय नसेल तर साधनांचा विचार करावा. सर्वांत साधा प्रकार म्हणजे पडद्यावरील ठरावीक जागी ठरावीक वेळाने क्लिक करणारा कार्यक्रम. तो फुकट व सहज मिळतो आणि आमच्या मते या कामासाठी सर्वांत अयोग्य आहे. त्याला पडद्यावर काय आहे हे दिसत नाही. जागा तेवढी ठाऊक असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे सर्वांना परिचित आहे. तेथे इंटरनेटची गतीही बेभरवशाची असते. दोन सेकंदांत येणारी चौकट वीस सेकंदांनी आली, तर हा कार्यक्रम तिची वाट न पाहता पुढचा क्लिक करून मोकळा होतो. तो क्लिक भलत्याच बटणावर पडतो आणि त्यानंतरच्या सर्व नोंदी एका ओळीने सरकतात. एकीची मजुरी दुसरीच्या खात्यावर जाते ती अशी.

म्हणून निवडीची पहिली कसोटी ही की, साधनाने घड्याळाची नव्हे, चौकटीची वाट पाहिली पाहिजे. १९९९ मधील ऑटोइट आणि क्रिस मॅलेट यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ऑटोहॉटकी या दोन्ही विनामूल्य साधनांत ही सोय आहे. चौकटीचे शीर्षक सांगितले की ती प्रकट होईपर्यंत साधन थांबते आणि ठरलेल्या मुदतीत ती न आल्यास काम थांबविता येते. यासाठी आज्ञावलीच्या चार ओळी लिहाव्या लागतात, पण त्या शिकणे अवघड नाही. ज्यांना आज्ञावली नको, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज १० च्या वापरकर्त्यांना पॉवर ऑटोमेट हे साधन जादा मूल्य न आकारता उपलब्ध करून दिले. त्यात कामाच्या पायऱ्या एकाखाली एक मांडता येतात.

दुसरी कसोटी चौकटीच्या जातीची. सर्व चौकटी दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचे मूळ निराळे असते. काही चौकटी संकेतस्थळाच्या पानातच रेखाटलेल्या असतात, काही ब्राउझर दाखवितो, तर काही थेट संगणकाच्या कार्यप्रणालीकडून येतात. डिजिटल स्वाक्षरीचा गुप्त क्रमांक विचारणारी चौकट या शेवटच्या प्रकारात मोडते. सेलेनियम हे साधन ब्राउझरमधील पहिल्या दोन प्रकारांना उत्तम ओळखते. तिसरा प्रकार त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. (जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये ते तयार केले. त्या काळी या क्षेत्रात मर्क्युरी, म्हणजे पारा, या नावाची कंपनी होती आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा सांगतात. नावामागे असा विनोद आहे.) सेलेनियम पानावरील बटण त्याच्या नावाने शोधते, त्यामुळे पडद्याचा आकार बदलला तरी क्लिक चुकत नाही. आपल्या कामात कोणत्या जातीची चौकट येते, हे एकदा कागदावर टिपून घेतले की निम्मी निवड झालीच.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोणती चौकट यंत्राने बंद करावी आणि कोणती करू नये? 'नोंद जतन झाली' ही चौकट खुशाल यंत्रावर सोपवावी. परंतु बँकेकडील नाव दाखवून 'हेच खातेदार काय?' असे विचारणारी चौकट मनुष्याने वाचण्यासाठीच असते. आपल्या भागात एकाच गावात आत्राम, मडावी, उसेंडी या आडनावांची अनेक घरे असतात आणि पुष्कळदा नावेही तीच. तेथे यंत्राने 'होय' म्हटले तर चूक पकडण्याची एकमेव जागा नाहीशी होते. मजुरी न मिळालेल्या बाईने तालुक्याच्या गावी बँकेत यावयाचे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो आणि प्रवासखर्च वेगळा. अशा चौकटीपाशी यंत्र थांबावे, माणसाने पाहावे आणि मग पुढे जावे, अशी रचना वरील सर्व साधनांत करता येते.

डिजिटल स्वाक्षरीबाबत तर शंकेला जागाच नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता प्रमाणपत्रधारकाने घ्यावयाची असते. सरपंचांचा गुप्त क्रमांक आज्ञावलीत लिहून ठेवणे म्हणजे कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक टेबलावर ठेवण्यासारखे होय. माणूस आणि यंत्र यांतील भेद ओळखण्यासाठी दिलेली वेडीवाकडी अक्षरेही यंत्राकडून सोडवून घेऊ नयेत. ज्या संकेतस्थळाने ती लावली आहेत, त्याला तेथे यंत्र नको आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

साधन मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या प्रतींत काय मिसळले आहे हे कळत नाही. शासकीय संगणकावर ते बसविण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी आणि जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. ऑटोइटमध्ये तयार केलेल्या फायलींना विषाणूरोधक कार्यक्रम कधीकधी निष्कारण अडवितात, त्याचीही कल्पना आधीच दिलेली बरी.

पहिला प्रयोग पाच नोंदींवर करावा. त्या पाचही नोंदी मूळ वहीशी ताडून पाहाव्यात, मग पंचवीस घ्याव्यात. प्रत्येक नोंदीची वेळ व क्रमांक साध्या फाइलमध्ये उतरविण्यास यंत्राला सांगावे, म्हणजे मध्येच वीज गेली तर काम कोठून पुढे न्यावयाचे ते कळेल. संकेतस्थळाचे पान बदलले की आज्ञावली पुन्हा तपासावी लागते. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात येतो. ही तपासणी त्यापूर्वीच, एप्रिलच्या आरंभी उरकून घेतल्यास यादी भरण्याच्या दिवसांत खोळंबा होणार नाही.