ब्रेक लागतात, मग दिवा का विझत नाही?

प्रश्न : अपघातात माझ्या गाडीचा पुढचा भाग चेपला. धुळ्याच्या गॅरेजमध्ये त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचं एबीएस युनिट बसवलं. ब्रेक चांगले लागतात, पण एबीएसचा पिवळा दिवा विझत नाही. जळगावला स्कॅनर लावला तर ‘यू ०३१५’ कोड आला. मिस्त्री म्हणतात, इंजिनचा ईसीएम बदला. बदलू का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : नका बदलू. तुमचा ईसीएम बिघडल्याचं हा कोड सांगतच नाही.

कोडच्या पहिल्या अक्षराकडे बघा. ‘पी’ इंजिन-गिअरचा, ‘सी’ ब्रेक-स्टिअरिंगचा, ‘बी’ बॉडीचा आणि ‘यू’ या सगळ्यांच्या आपसांतल्या बोलण्याचा. ०३१५ म्हणजे एबीएसचं सॉफ्टवेअर गाडीतल्या बाकी युनिटांशी जुळत नाही. संपर्कच तुटला असता तर यू ०१२१ आला असता.

इंजिनला ब्रेकशी बोलायचं काय असतं? बरंच काही. चाकांचा वेग एबीएसचे सेन्सर मोजतात आणि तोच आकडा बहुतेक गाड्यांत इंजिनकडे नि मीटरकडे जातो. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टरनं आणलेला काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर पसरतो. त्यावर चाक जागीच फिरू लागलं, की ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत ब्रेकचं युनिट इंजिनला ‘जोर कमी कर’ म्हणून सांगतं. हा निरोप दोन पिळलेल्या तारांवरून जातो. बॉश कंपनीनं ही ‘कॅन’ पद्धत १९८६ मध्ये जगापुढे आणली. आता एकाच मॉडेलच्या एका व्हेरियंटमध्ये ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असतं, दुसऱ्यात नसतं. बाहेरून पाहाल तर युनिट तेच, बोल्ट तेच, सॉकेटही तेच. पण एकाला ज्या निरोपाची सवय आहे, तो दुसरा पाठवतच नाही.

काढलेलं जुनं युनिट भंगारात गेलं नसेल तर आजच गॅरेजमधून परत आणा. दोन्हींवरचे स्टिकर शेजारी ठेवून पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा. शेवटचं एक अक्षर वेगळं निघालं तरी तुमचं उत्तर बहुधा तिथेच असतं. नंबर जुळत असेल, तर फक्त कोडिंग राहिलंय: तुमचा १७ अक्षरी चेसिस नंबर आणि व्हेरियंट युनिटमध्ये भरावा लागतो. हे काम कंपनीच्या स्कॅनरवर होतं. साधा स्कॅनर कोड वाचतो आणि पुसतो, एवढंच. कोडिंग चालू असताना बॅटरी उतरली तर युनिट कायमचं निकामी होऊ शकतं, म्हणून चार्जर लावूनच करायला सांगा.

अपघाताची गाडी आहे, तेव्हा वायरिंगही तपासून घ्या. बॅटरीची तार काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर धरला, की साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर तार बहुधा कुठेतरी तुटली आहे.

तोवर गाडी चालवायची का? फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. पारोळा-धुळे रस्त्यावर ट्रकच्या मागे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच थांबवा आणि टोइंग बोलवा.

यापुढे जुनं युनिट घ्याल तेव्हा पार्ट नंबर आणि ‘कोडिंगसह’ हे दोन्ही बिलावर लिहून घ्या.