दिव्यांगाचे अर्थसाहाय्य आणि कुटुंबनिवृत्तिवेतन : अनुभवाचे बोल

दिव्यांग व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी शासनाकडून मिळणारे पैसे दोन वेगवेगळ्या तत्त्वांवर दिले जातात, आणि ते दोन्ही एकत्र मिळतील असे गृहीत धरण्यापूर्वी त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक असते. पहिला प्रकार सेवेतून किंवा वर्गणीतून निर्माण झालेल्या हक्काचा असून, आईवडिलांपैकी एकाने सरकारी नोकरी केली असेल किंवा खाजगी आस्थापनेत असताना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत नाव असेल, तर त्यांच्या पश्चात दिव्यांग अपत्याला ठरावीक रक्कम मिळते. दुसरा प्रकार गरज पाहून दिल्या जाणाऱ्या साहाय्याचा आहे, आणि तेथे अर्जदाराचे उत्पन्न मर्यादेच्या आत असणे ही मूळ अट असते. साहाय्याची रक्कम लहान असल्यामुळे तिने हक्काला सहसा बाधा येत नाही. हक्काची रक्कम मात्र उत्पन्नात धरली जाऊन साहाय्य बंद पाडू शकते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार कुटुंबनिवृत्तिवेतन, म्हणजे कर्मचाऱ्याच्या किंवा निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे वेतन, सर्वसाधारण दराने अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि किमान ९,००० रुपये असते व त्यावर महागाई सवलत मिळते. इतर अपत्यांना सर्वसाधारणपणे वयाची २५ वर्षांची मर्यादा आहे. परंतु जे अपत्य दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका कमावू शकत नाही त्याला ते आयुष्यभर मिळते, आणि विवाह झाला म्हणूनही ते थांबत नाही. फेब्रुवारी २०२१ पूर्वी अशा अपत्याचे अन्य उत्पन्न ९,००० रुपये व त्यावरील महागाई सवलत यांहून कमी असावे लागे. त्यानंतर ही मर्यादा मिळू शकणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनाशीच जोडली गेली. त्यामुळे अखेरचे वेतन ४०,००० रुपये असेल, तर १२,००० रुपये व त्यावरील महागाई सवलत यांहून कमी अन्य उत्पन्न असलेले अपत्य पात्र ठरते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८२ चे स्वतंत्र नियम लागू असल्याने त्यांच्या कुटुंबीयांनी केंद्राच्या अटी जशाच्या तशा आपल्याला लावू नयेत.

गरजेवर आधारलेल्या साहाय्याचे महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरण म्हणजे तहसील कार्यालयामार्फत राबवली जाणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना होय. तिच्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांचा समावेश होतो आणि त्यांच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दिव्यांगांना मिळणारी मासिक रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राची ३०० रुपयांची जी योजना आहे, तिची रक्कम राज्याच्या अनुदानावर वेगळी चढत नाही, तर राज्य आपली भर घालून एकूण साहाय्य पूर्ण करते. लाडकी बहीण योजनेतही अन्य शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक घेणारी स्त्री अपात्र ठरते. कुटुंबनिवृत्तिवेतन किमान दराने आणि महागाई सवलत सोडून धरले तरी वर्षाला १,०८,००० रुपये होतात, म्हणजे निराधार योजनेच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. म्हणून ते सुरू होताच या अनुदानाचा आधार संपतो.

खाजगी क्षेत्रातील चित्र वेगळे आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मृत सदस्याच्या कायमस्वरूपी व पूर्णतः दिव्यांग मुलाला किंवा मुलीला वयाची अट न लावता वेतन मिळते. एक पालक हयात असताना त्याची किमान रक्कम २५० रुपये आणि दोन्ही पालक नसताना ७५० रुपये आहे. किमान दराचे हे वेतन वर्षाला ९,००० रुपयांपुढे जात नसल्याने कुटुंबाचे अन्य उत्पन्न अल्प असेल तर निराधार अनुदानही मिळू शकते, आणि अशा कुटुंबांनी ‘पेन्शन आहे, म्हणून दुसरे काही नाही’ असा समज करून घेऊन अर्ज करण्याचेच टाळू नये. अर्जात मात्र ही रक्कम स्पष्ट नमूद केलेली असावी.

दोन लाभांमधील धोका प्रामुख्याने संक्रमणकाळात उद्भवतो, हे प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात अनुभवास आले आहे. वडिलांच्या पश्चात आईला मिळणारे केंद्रीय कुटुंबनिवृत्तिवेतन तिच्या निधनानंतर बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीला मिळावयाचे होते. तथापि निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, म्हणजे ज्याला सर्वजण पीपीओ म्हणतात त्या मूळ कागदात, मुलीचे नाव नव्हते आणि तिच्या वतीने सही करणाऱ्याकडे पालकत्वाचे प्रमाणपत्रही नव्हते. प्रकरण रेंगाळले, तेव्हा उत्पन्न नसलेली निराधार व्यक्ती म्हणून स्वतंत्र शिधापत्रिकेच्या आधारे तिच्यासाठी राज्याचे अनुदान घेण्यात आले. पुढे कुटुंबनिवृत्तिवेतन मंजूर झाले ते आईच्या निधनाच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह, आणि त्यामुळे ज्या महिन्यांत अनुदान न्याय्य होते तेच महिने कागदावर उत्पन्नाचे ठरून रक्कम परत करण्याची नोटीस आली. फसवणूक कोणाचीच नव्हती. तरीही खुलासे, हिशेब आणि परतफेड यांचा भार जिला त्यातले काहीच समजू शकत नव्हते तिच्या नावावर पडला.

या अनुभवातून पुढील दक्षता निष्पन्न होतात. दिव्यांग अपत्याचे नाव पीपीओत पालकाच्या हयातीतच नोंदवून घेता येते व ते घ्यावे. सक्षम प्राधिकाऱ्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र कायमस्वरूपी असेल तर केंद्रीय नियमांखाली ते एकदाच पुरते, तात्पुरते असेल तर दर पाच वर्षांनी नवे द्यावे लागते. म्हणून त्यावरील शब्द तपासून घ्यावा. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकाची नियुक्ती करते, आणि निवृत्तिवेतनधारकाला स्वतःही पालकाचे नामनिर्देशन करता येते. मधल्या काळात साहाय्य घेणे भागच पडले, तर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज प्रलंबित असल्याचे तहसील कार्यालयाला लेखी कळवून पोच जपावी, आणि थकबाकी हाती येताच ती खर्च करण्यापूर्वी अनुदान थांबवण्याचा अर्ज द्यावा. दरवर्षी हयातीचा दाखला देताना उत्पन्नातील बदलही त्याच वेळी कळवलेला बरा.

ही सारी दक्षता कुटुंबानेच घ्यावी, असे मानणे अन्यायाचे आहे. कर्मचारी निवृत्त होताना त्याच्या घरी दिव्यांग अपत्य आहे का, हे कुटुंबाच्या तपशिलाच्या नमुन्यातून कार्यालयाला आधीच ठाऊक असते. त्याच दिवशी नाव, प्रमाणपत्र आणि पालक या तीन बाबी पूर्ण करून घेतल्या, तर आईवडिलांच्या मृत्यूनंतरचा खंड आणि त्यातून उद्भवणारी वसुली या दोन्ही टळतील. तोवर ज्या आईवडिलांच्या हाती आज हे कागद आहेत, त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये, कारण आयुष्यभराच्या या हक्काची नोंद करण्याचा सर्वांत सोपा काळ त्यांच्या हयातीचाच आहे.