एकट्या पालकाचीं मुलें

ज्याचा बाप वारला किंवा घर सोडून गेला, त्या मुलाकडे पाहून शेजारी 'बिचारा' म्हणतात, आणि तेवढ्यानें आपण दया केली असें त्यांस वाटतें. परंतु बारा-चौदा वर्षांचें मूल दुसऱ्यांच्या बोलण्यांत आपलें जें रूप पाहतें, तेंच खरें मानूं लागतें. शाळेंत बापाचें नांव विचारतांच मान खालीं घालणारी मुलगी आम्हीं पाहिली आहे.

अशीं मुलें बिघडावयाचींच काय? हवाई बेटांपैकीं काउआई येथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांची हकीकत एमी वर्नर व रूथ स्मिथ ह्या विदुषींनीं त्यांच्या चाळिशीपर्यंत वेळोवेळीं टिपून ठेविली. दारिद्र्य, आईबापांची ताटातूट, घरांतील दारू किंवा मनाचा आजार अशीं अनेक संकटें ज्यांवर लहानपणींच एकदम आलीं, त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश मुलें कर्तबगार व आत्मविश्वासी निघालीं. बाकीच्यांस अडचणी आल्या, हें आम्ही लपवीत नाहीं. तथापि जीं तरुणपणाच्या उंबरठ्यावर वाट चुकलीं, त्यांतलींही पुष्कळ तिशीपर्यंत सावरलीं.

त्यांस कोणी तारलें? प्रत्येकाजवळ जिव्हाळ्याचें एक तरी माणूस होतें: आजी, थोरली बहीण, शिक्षक, शेजारीण, कोठें चर्चमधील कोणी वडील. 'माय मरो पण मावशी जगो' असें आपले लोक उगीच म्हणत नाहींत. पण दुसरी गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. ह्या मुलांपैकीं पुष्कळांवर खरें काम सोंपविलेलें होतें. धाकट्या भावंडांस सांभाळणें, घर चालविण्यास हातभार लावणें. आई मजुरीवरून परत येईल तेव्हां चूल पेटलेली असणें हें आपल्यावर आहे, असें ज्यास ठाऊक असतें, तें मूल स्वतःस टाकाऊ मानीत नाहीं.

येथें सावध मात्र असावें. काम म्हणजे शाळा सोडून मजुरीस जाणें नव्हे. आणि कर्जाचीं व सासरच्या भांडणांचीं गाऱ्हाणीं रोज रात्रीं थोरल्या मुलापुढें मांडणारी माउली नकळत त्याच्यावर प्रौढाचें ओझें घालीत असते. विधुर बापाच्या घरीं तेंच ओझें मुलीवर पडतें. त्या माउलीस दोष देववत नाहीं. तिला तरी बोलावयास दुसरें कोण आहे? मंडळींतील बायांनीं आधीं तिच्याजवळ जाऊन बसावें.

मुलास रविवारीं बोलवावयाचें तें जुने कपडे देण्यासाठीं नव्हे. त्यास लहानांच्या वर्गास गोष्ट वाचून दाखवावयास सांगावें, दिव्यांची व्यवस्था त्याच्याकडे द्यावी, आणि त्यास नांवानें हांक मारावी. 'अमकीचा पोरगा' म्हणून नव्हे.