पाटल्या, शिष्यवृत्ती आणि करारनामा

कऱ्हाड, माघ शुद्ध पंचमी

चि. कु. भाचीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लष्करी शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याची तुलना करताना पैसा किती मिळतो याच्याही आधी तो कोण देतो, कोणत्या अटीवर देतो आणि त्या अटीखाली कोणाची सही होते, हे पाहावे लागते. भाचीच्या घरी यांतले काहीच न पाहता निर्णय झाल्याची वार्ता गेल्या बाजारच्या दिवशी कानावर आल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले आहे. वार्ता अशी की, भाचीच्या आईने सराफाकडे जाऊन पाटल्यांचे वजन करून घेतले, आणि ते कशासाठी असे सराफाने विचारले असता मुलीला मिलिटरी कॉलेजात पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळाली आहे, उरलेल्या पैशांची सोय करायची आहे, असे उत्तर दिले. ही गोष्ट मामाला कळू देऊ नये असे भाचीनेच आईला बजावले होते, असेही कळते. ते खरे असेल तर त्याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

सर्वप्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे, कारण या प्रकरणातला घोटाळा शब्दांतूनच निर्माण झालेला आहे. ज्या संस्थेने भाचीला पत्र दिले ती लष्कराची नव्हे, शासनाचीही नव्हे. ती अकरावी-बारावीच्या वर्गांना जोडून एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची शिकवणी देणारी खासगी निवासी अकॅडमी आहे, आणि गणवेश, सकाळची कवायत व प्रवेशद्वारावरचा रंगवलेला रणगाडा एवढ्यावरून तिला मिलिटरी कॉलेज म्हणता येत नाही. दोन वर्षांचे शुल्क तीन लाख सांगून त्यातले दीड लाख माफ करणे ही दुकानदारीतली सूट आहे. शिष्यवृत्ती म्हणजे विद्यार्थ्याची गुणवत्ता किंवा गरज पाहून कोणीतरी त्याच्या वतीने खर्च उचलणे. येथे कोणीच काही उचललेले नाही, उलट दीड लाखाचे ओझे पाटल्यांवर टाकले आहे. भाची गणितात हुशार आहे, तेव्हा एवढा हिशेब तिच्या लक्षात यायला हवा होता.

भाचीने मोबाइलवर अमेरिकेतील कॉलेजांच्या शिष्यवृत्त्यांची माहिती वाचली असल्याचे तिच्या आईच्या बोलण्यातून समजते. तेथील वेस्ट पॉइंटसारख्या संघराज्याच्या अकादमीत शुल्कच नसते, उलट छात्राला मासिक वेतन मिळते आणि त्याबदल्यात किमान पाच वर्षांची सेवा द्यावी लागते. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट किंवा द सिटाडेल ही राज्यांची कॉलेजे मात्र शुल्क घेतात, म्हणून तेथे आरओटीसी या अधिकारी-प्रशिक्षण योजनेच्या शिष्यवृत्तीला खरोखर अर्थ असतो. भारतात ज्या संस्थांतून मुले-मुली अधिकारी होतात त्या जवळजवळ सर्व पहिल्या प्रकारच्या आहेत, आणि जेथे शिकवणीचे शुल्कच नाही तेथे निम्मे शुल्क माफ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खडकवासल्याच्या या प्रबोधिनीचा हिशेब भाचीने कागदावर मांडून पाहावा. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी जिची कोनशिला बसली त्या या संस्थेत तीन वर्षांचे प्रशिक्षण, निवास, भोजन, पुस्तके, गणवेश आणि औषधोपचार हा सगळा खर्च सरकार करते, आणि शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. पालकांनी नियमितपणे द्यायचा तो फक्त वरखर्च, ज्याला परीक्षेच्या अधिसूचनेत पॉकेट अलाउन्स म्हणतात, आणि तो साधारणतः दरमहा ३,००० रुपयांच्या वर जात नाही. म्हणजे तीन वर्षांचे फार तर १,०८,००० रुपये होतात. प्रवेशाच्या वेळी पहिल्या पाच महिन्यांचा वरखर्च, काही कपडे आणि सामूहिक विम्याचा हप्ता मिळून मोठी रक्कम एकदम भरावी लागते, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही आणि ऐनवेळी धावपळ होते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे. ज्या पालकांचे मासिक उत्पन्न साधारण २१,००० रुपयांच्या आत आहे त्यांच्या पाल्यास दरमहा १,००० रुपयांचे साहाय्य मिळण्याची तरतूद आहे, मात्र त्याचा अर्ज अंतिम निवड होताच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रबोधिनीच्या कमांडंटकडे पाठवावा लागतो. भावोजी गेल्यापासून घरात किती येते हे मामाला ठाऊक आहे. हे साहाय्य अशाच घरांसाठी ठेवलेले असून ते मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

याखेरीज खरीखुरी शिष्यवृत्ती म्हणावी अशीही काही साहाय्ये तेथे आहेत. अनेक राज्य सरकारे आपापल्या राज्यातील छात्रांना ती देतात, गोवा शासन त्यांपैकी एक आहे. आणि अधिसूचनेतील त्या यादीत पेशवाईतील सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नावाचीही एक शिष्यवृत्ती आढळते, जे नाव मिरज-तासगावच्या बाजूस वाढलेल्या मुलीला परके नाही. तीन वर्षांनंतर पुढील अकादमीत, स्थलसेनेसाठी डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत, दरमहा ५६,१०० रुपयांचे विद्यावेतन सुरू होते. विद्यावेतन म्हणजे शिकत असताना मिळणारे मानधन. नियमित पगार कमिशन मिळाल्यावर, म्हणजे अधिकारपद मिळाल्यावर, चालू होतो.

एनडीएच्या परीक्षेच्या अर्जाचे शुल्क १०० रुपये आहे आणि मुलींना तेही माफ आहे. एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, प्रथमच देणाऱ्या उमेदवारास जाण्या-येण्याचे वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे रेल्वेभाडे मिळते. ज्या दारातून आत जायला सरकार भाडे देते त्या दाराच्या बाहेर दीड लाखाचा नाका कोणी उभा केला, आणि तो नाका म्हणजेच दार असे भाचीला आणि तिच्या आईला का वाटावे, हा प्रश्न मामाला आठ दिवस झोपू देत नाही. पाटल्या चार तोळ्यांच्या आहेत. त्या आजीने भाचीच्या आईच्या हातात घातल्या तेव्हा आजीच्या स्वतःच्या हातात काचेच्या बांगड्या उरल्या होत्या. हे भाचीला कदाचित कोणी सांगितलेले नसेल.

तयारी कशी करायची हा भाचीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे मोठ्यांचे काम होते, ते वेळेवर झाले नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली आणि डेहराडूनचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १९२२ साली. दोन्हींतून प्रबोधिनीस पुष्कळ विद्यार्थी गेले, पण तेथील प्रवेशाचे वय आता उलटले आहे आणि मुलींना तर ही दारे अलीकडेच उघडली. दहावीनंतरच्या मुलांसाठी १९७७ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था चालते. तशीच मुलींसाठीची संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली आहे. तेथे अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेबरोबर एनडीएची तयारी करून घेतली जाते, प्रवेश लेखी परीक्षा व मुलाखतीतून मिळतो आणि खर्चाचा मुख्य भार शासन उचलते. भाची यंदा दहावीला बसत आहे, तेव्हा तिने त्या संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. बारावीनंतर वैद्यकीय ओढ वाटल्यास पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४८ सालच्या या संस्थेत एमबीबीएसच्या शिक्षणाला शुल्क नाही, नीट परीक्षेतून निवड होते, मात्र नंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत काम करण्याचा करारनामा लिहून द्यावा लागतो आणि तो मोडल्यास लाखांच्या घरातली रक्कम भरावी लागते.

करारनाम्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मोफत शिक्षण म्हणजे फुकट शिक्षण असे समजणे चूक आहे, कारण तेथे पैशांऐवजी आयुष्याची वर्षे देण्याचे वचन असते. प्रबोधिनीतही पालक आणि छात्र दोघांना बंधपत्रावर, ज्याला बोलीत बाँड म्हणतात, सही करावी लागते. छात्राने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडले किंवा प्रशिक्षणाच्या काळात विवाह केला, तर सरकारने केलेला खर्च परत करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. प्रशिक्षणात दुखापत झाल्यास भरपाईचा हक्क सांगता येणार नाही, असेही लिहून घेतले जाते. अपंगत्व येऊन घरी परतलेल्या छात्रांना सानुग्रह रक्कम, म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर कृपा म्हणून दिलेली मदत, मिळते. त्यांच्या हालांची २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार मिळण्याची सोय झाली. हे लिहिताना मामाचा हात जड झाला आहे. पण ही ओळ भाचीच्या आईने सहीच्या दिवशी प्रथमच वाचावी, यापेक्षा आज मामाच्या पत्रात वाचलेली बरी.

न वाचलेल्या कागदाची एवढी धास्ती मामाला का वाटते, हे घरात कोणाला ठाऊक नाही. १९८० नंतरच्या दशकात मामाने हीच लेखी परीक्षा दिली होती आणि भोपाळच्या निवड मंडळाकडून बोलावण्याचे पत्रही आले होते. त्याच आठवड्यात गावातील एका जाणत्या माणसाने पारावर बसून सांगितले की, पोरगा मध्येच परतला तर सरकार घरावर जप्ती आणते. आजोबा घाबरले, आणि ज्याला त्या छापील इंग्रजीतले निम्मे तरी कळत होते त्या मुलाने ते कागद उघडून आजोबांना वाचून दाखवले नाहीत, कारण खरे सांगायचे तर तोही घाबरला होता आणि आजोबांची भीती त्याला सोयीची पडली. ते पत्र अजून ट्रंकेत आहे. त्याच्या घडीवर गंजलेल्या टाचणीचा तांबूस डाग पडला आहे. त्यातील अटी मामाने नंतर वयाच्या चाळिशीत वाचल्या, तेव्हा जप्तीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. एकाने कागद न वाचता भिऊन संधी घालवली, आणि आता दुसरी कागद न वाचता भुलून पाटल्या घालवत आहे. एकाच घरात दोनदा असे घडू नये एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप आहे.

भाचीला रागे भरण्याचा अधिकार अशा माणसास कितपत आहे, याचा विचार पत्र इथवर आल्यावर करावासा वाटतो. तिने गोष्ट लपवली ती मामा नको म्हणेल या भीतीने, आणि मामाने आजवर प्रत्येक गोष्टीला आधी नकोच म्हटले आहे, हे कबूल केले पाहिजे. मुलगी म्हणून तिने या वाटेला जाऊ नये असे मामाने पूर्वी एकदा जेवताना म्हटले होते. ते बोलणे चुकीचे होते. ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीच्या मुलींच्या पहिल्या तुकडीतील १७ जणी संचलनातून बाहेर पडल्या, तेव्हा दूरदर्शनवर ते पाहताना मामाच्या मनात भाचीचा चेहरा येऊन गेला, आणि ही गोष्ट फोन करून सांगावी असे वाटूनही सांगितली गेली नाही. दर परीक्षेच्या सुमारे चारशे जागांपैकी मुलींच्या वाट्याला वीस-तीसच येतात, त्यामुळे निवड न झाली तरी त्यात भाचीचे काही कमी ठरत नाही. पदवीनंतरही सैन्यदलात शिरण्याच्या वाटा आहेत, आणि तोवर पाटल्या आईच्या हातात असल्या म्हणजे झाले.

अकॅडमीच्या माणसाला दहावीच्या निकालापर्यंत थांबण्यास सांगावे. जागा भरतील असे तो म्हणेल, तर त्या भरू द्याव्यात. आगाऊ म्हणून दिलेले पाच हजार बुडाले तरी त्याचा विषय भाचीच्या आईपुढे कोणी काढू नये, ती रक्कम मामा पाहून घेईल. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने मामा येत आहे. सोबत एनडीएच्या अधिसूचनेची छापील प्रत असेल, आणि ती पहिल्या पानापासून भाचीने मोठ्याने वाचायची, तिच्या आईने आणि मामाने ऐकायची, अडेल तेथे तिघांनी थांबायचे, असे ठरवले आहे. भोपाळचे ते जुने पत्रही भाचीला पाहायचे असल्यास आणता येईल.

सकाळी धावण्यासाठी भाची अजून शाळेचेच बूट घालते असे समजले. तिच्या आईने बुटांचा नंबर फोनवर कळवावा; गेल्या दिवाळीत तो पाच होता, पण या वयात पाय लवकर वाढतात.

शुभचिंतक,
मामा