सावलीमुळं वळला

"वळला की! ऐकू येतंय त्याला," मी त्याच्या आईला ठणकावून सांगितलं. जिंतूर तालुक्यातली बालवाडी, अडीच वर्षांचा मुलगा, तोंडून एक शब्द नाही. मी मागं उभी राहून टाळी वाजवली आणि त्यानं मान वळवली. माझ्याकडं तेव्हा 'बाल विशेष शिक्षण' असं छापलेलं, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं. आई म्हणाली, "त्याचा बाप बी उशिराच बोलला म्हणत्यात." मीही मान डोलावली आणि चित्रांची कार्डं दाखवत राहिले.

वर्षभरानं अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यांनी पुढं पाठवलं, कानांची बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तपासणाऱ्या मॅडमनी मला एवढंच विचारलं, "टाळी वाजवली तेव्हा दार कुठं होतं?" दार माझ्या पाठीमागं होतं. सकाळचं ऊन आत येत होतं आणि माझी सावली त्याच्या पुढ्यातल्या फरशीवर पडली होती. तो सावली बघून वळला होता. आई रागावली नाही. "गेल्या साली इचारलं व्हतं मी तुम्हाला," एवढंच म्हणाली. भाषा रुजायची ती पहिल्या तीन-चार वर्षांत, मग ती श्रवणयंत्रानं असो की खुणांनी. त्यातलं एक वर्ष माझ्या टाळीनं खाल्लं.

ते प्रमाणपत्र देणाऱ्या कोर्सला मी गेले कशी? घराजवळ होता, वर्ग शनिवार-रविवारी, फी हप्त्यानं. वर्षभरात एकही दिव्यांग मूल आम्हाला दाखवलं नाही आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं एका विशेष शाळेच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "सीआरआर नंबर?" मी आधार कार्ड पुढं केलं!

हा नंबर म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद. ती नसेल तर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, १९९२ च्या कायद्यातच तसं आहे. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक कोर्सला, ठरावीक वर्षांपुरती असते. म्हणून भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. मान्यतेचं पत्र हातात घ्या, आपलं प्रवेशाचं वर्ष त्यात बसतं का बघा, परिषदेच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून पाहा. श्रवणदोष, दृष्टिदोष की बौद्धिक अक्षमता, हेही आधी ठरवा. मागून बदलता येईल या भरवशावर राहू नका.

परभणीत कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, आपलं जुनं होम सायन्स. मानव विकास शिकून लहान मूल कळायला लागतं, ते वाया जात नाही. पण विशेष शिक्षकाची नोंदणी परिषदेच्या मान्य कोर्सवरच होते. त्यासाठी बाहेर जावं लागलं तर जा. देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला नेते, तिथं श्रवणदोषासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद, तिथं बौद्धिक दिव्यांगांसाठीची. मी नंतर श्रवणदोषाची पदविका केली. दोन वर्षं गेली, वडिलांचं एका हंगामाचं सोयाबीन गेलं.

फी भरण्याआधी एक विचारा: मुलांसोबत प्रत्यक्ष काम किती दिवस, कुठल्या शाळेत? उत्तरात शाळेच्या नावाऐवजी हप्त्याची रक्कम आली, तर चपला घाला आणि निघा.