संगणकांतील बाजाची पेटी



गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. मुलास गाण्याचा नाद, पण घरीं वाद्य नाहीं. एका दुकानदारानें त्यांस विजेवर चालणारा मोठा की-बोर्ड हप्त्यानें देऊं केला होता, आणि ते हप्ते भागावे म्हणून धाकट्या मुलीची शिकवणी बंद करण्याच्या विचारांत ते होते. "मास्तर, मुलाचा जीव गाण्यांत आहे. काय करूं?" असें त्यांनीं विचारलें. घरांत एक जुना संगणक होता, हें मला ठाऊक होतें. मीं म्हटलें, "एक महिना थांबा. वाद्य तुमच्या घरीं आलेलेंच आहे. तें उघडावयाचें तेवढें राहिलें आहे." या बोलण्याचा अर्थ काय, तें आज सांगावयाचें आहे.

सूर कसा बनतो

वाद्य कोणतेंही असो, सूर म्हणजे कंपन होय. पेटींत भात्याच्या वाऱ्यानें पितळेची पट्टी थरथरते, सतारींत तार थरथरते. ही थरथर सेकंदास ४४० वेळां झाली म्हणजे जो सूर निघतो, त्यास पाश्चात्य संगीतांत 'ए' म्हणतात व त्याशीं इतर वाद्यें जुळवितात. ती दुप्पट, म्हणजे ८८० वेळां झाली, कीं तोच सूर वरच्या सप्तकांत जातो.

मग एकाच उंचीचा सूर बांसरीवर आणि पेटीवर निराळा कां लागतो? मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचीं बारीक कंपनेंही उठत असतात. त्यांस आपण उपस्वर म्हणूं. बांसरींत ते थोडे असतात, पेटींत पुष्कळ. कोणता उपस्वर किती प्रमाणांत मिसळला आहे, यावरून आपला कान वाद्य ओळखतो.

संगणकाजवळ तार नाहीं कीं भाता नाहीं; त्याजजवळ केवळ आंकडे आहेत. लाट कशी चढते व कशी उतरते याचे आंकडे तो बहुधा सेकंदास ४४,१०० या वेगानें मांडतो, आणि त्यांबरहुकूम ध्वनिक्षेपकाचा पडदा हालतो. हें काम करणाऱ्या आज्ञावलीस सॉफ्टवेअर सिंथेसायझर असें नांव आहे. ही विद्या आजची नव्हे. १९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांनीं संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली होती. तो संगणक मोठी खोली व्यापीत असे. १९६४ सालीं रॉबर्ट मूग यांनीं विजेच्या मंडलांचा सिंथेसायझर रचला, आणि १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं त्यावर बाखच्या रचना वाजवून तयार केलेली ध्वनिमुद्रिका जगभर गाजली. तीं यंत्रें श्रीमंतांस व संस्थांसच परवडत. आज तेंच काम घरचा साधा संगणक करतो.

अभ्यासाचा पाठ

आरंभास 'एलएमएमएस' ही आज्ञावली मला सोयीची वाटते. २००४ सालापासून ती चालत आली आहे. जगांतील हौशी जाणकारांनीं मिळून ती रचिली असून तिला मोल पडत नाहीं. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर ती चालते. तींत 'ट्रिपल ऑसिलेटर' नांवाचा सिंथेसायझर असतो. तो पुढील क्रमानें शिकावा.

(१) आज्ञावली उघडून ट्रिपल ऑसिलेटर या नांवावर टिचकी द्यावी, म्हणजे त्याची खिडकी उघडते. आतां संगणकाच्या अक्षरकळांपैकीं अगदीं खालच्या ओळींतील झेड दाबा. तो 'सा' समजा. त्यापुढें एक्स, सी, व्ही, बी, एन, एम या कळांवर अनुक्रमें रे, ग, म, प, ध, नि हे शुद्ध स्वर मिळतात. कोमल स्वर व तीव्र मध्यम यांच्या कळा त्यांच्या वरच्या ओळींत आहेत.

(२) या वाद्यांत लाट निर्माण करणारे तीन भाग आहेत. दुसऱ्याचा व तिसऱ्याचा आवाज शून्यावर आणा आणि पहिल्याच्या लाटेचा आकार बदलून ऐका. गोल लाटेंत उपस्वर मुळींच नसतात. तिचा सूर चिमट्यासारख्या नादकाट्याप्रमाणें निर्मळ येतो. चौकोनी लाटेंत तिप्पट, पांचपट, सातपट असे विषमच उपस्वर असतात, म्हणून ती पोकळ वाटते. करवतीच्या दातांसारख्या लाटेंत सर्व उपस्वर असतात, म्हणून ती भरदार व किंचित् खरखरीत लागते. पेटीचा नाद हवा असेल तर हीच घ्यावी.

(३) आतां शाळेची घंटा आठवा. टोला पडतांच नाद पूर्ण उठतो आणि हळूहळू विरतो. पेटीचें तसें नाहीं. कळ दाबलेली असेपर्यंत सूर टिकतो आणि सोडतांच थांबतो. सुराच्या या चढउतारासाठीं चार मुख्य खुंट्या आहेत: उठण्यास लागणारा वेळ, उतरण्यास लागणारा वेळ, टिकण्याची पातळी आणि कळ सोडल्यावर विरण्याचा वेळ. जवळच परिणामाचें प्रमाण ठरविणारी आणखी एक खुंटी असते. ती शून्यावर असेल तर बाकीच्या खुंट्या फिरवून कांहींच होणार नाहीं. नवशिका येथेंच अडतो.

(४) शेजारच्या घरांत गाणें चालू असतां मधलें दार लोटलें, म्हणजे गाणें ऐकूं येतें पण त्याची धार जाते. गाळणी नांवाचा भाग हेंच करतो. ती चालू करून तिची मर्यादा खालीं आणा. वरचे उपस्वर गळतील व सूर मऊ होईल.

(५) शेवटीं दुसरा भाग चालू करा, त्यासही करवती लाट द्या आणि त्याचा सूर अगदीं केसभर चढवा. एक सूर ४४० कंपनांचा व दुसरा ४४२ चा असला, तर सेकंदास दोन हेलकावे ऐकूं येतात आणि नाद जिवंत वाटतो. तिसरा भाग बारा स्वरस्थानें खालीं उतरविला, कीं पेटींतील खर्जाच्या पट्ट्यांची साथ मिळाल्यासारखें होतें. जें वाजवाल तें जाळीच्या कागदासारख्या पटावर लिहून ठेवतां येतें, आणि फाईल करून बाहेरही काढतां येतें.

यंत्राची मर्यादा

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'सा' सेकंदास २४० कंपनांचा धरल्यास शुद्ध गांधार बरोबर ३०० कंपनांचा येतो, कारण त्यांचें प्रमाण चारास पांच असें आहे. परंतु पेटी काय किंवा हें यंत्र काय, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून स्वर देतें, त्यामुळें त्याचा गांधार ३०२ च्या किंचित् वर जातो. फरक लहान दिसतो, पण तयार कानास तो खुपतो. पेटीवर असलेल्या अशाच आक्षेपांमुळें १९४० सालीं आकाशवाणीनें तिला बंदी केली होती, आणि ती १९७१ पर्यंत राहिली. म्हणून यंत्रावर केवळ 'सा' व 'प' दीर्घ धरून ठेवावे आणि बाकीचे स्वर आपल्या गळ्यानें शोधावे, हा उत्तम मार्ग.

माझी स्वतःची चूकही सांगतों. एका वर्षीं संमेलनाच्या गाण्याची साथ मीं रात्र रात्र जागून याच यंत्रावर तयार केली. ती मला फार गोड वाटली. पण ज्या पट्टींत ती रचिली, ती मुलांच्या गळ्यास पेलणार आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें राहून गेलें. प्रत्यक्ष गातांना अंतऱ्यावर लहान मुलांचे आवाज चिरले, आणि दोघीतिघी मुलींनीं तर गाणें मध्येंच सोडलें. संगणकांत सर्व सूर दोन स्वरस्थानें उतरविणें हें घटकाभराचेंही काम नव्हे. पण आधीं मुलांस गावयास लावून ऐकावें, हें त्या यंत्रास कळत नाहीं. तें मला कळावयास हवें होतें.

पालकांस विनंती

पालकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आरंभींच महाग वाद्य घेऊं नये. मुलाचें मन वर्षभर टिकतें असें दिसलें, म्हणजे मग काय तें पाहावें. दुसरी, विकत मिळणाऱ्या आज्ञावल्यांच्या चोरून केलेल्या प्रती घरांत येऊं देऊं नयेत. फुकट व राजरोस मिळणारी चांगली वस्तु असतांना दुसऱ्याच्या श्रमाची चोरी कशास? तिसरी, मूल संगणकापुढें बसलें म्हणजे तें खेळच खेळत आहे, असें धरून चालूं नये. अर्धा तास नेमून द्यावा आणि शेवटीं "आज काय केलेंस, तें ऐकव पाहूं" असें म्हणावें. ऐकणारें माणूस घरांत असलें, कीं मूल नीट शिकतें.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्यानें महिनाभर हा पाठ केला. पहिले आठ दिवस तो नुसत्या खुंट्या फिरवीत होता. पुढें 'सा' आणि 'प' लावून रोज सकाळीं गाऊं लागला. महिन्यानें मजकडे येऊन म्हणाला, "सर, माझा गांधार चढा लागतो, हें मला आतां ऐकूं येतें." की-बोर्ड घेण्याचें वडिलांनीं तूर्त लांबणीवर टाकलें आहे, आणि धाकटीची शिकवणी चालू आहे. ती शिकवणीहून परत आली म्हणजे भावाजवळ बसून झेड आणि बी या दोन कळा दाबून धरते, व तो गातो.