शेवटचा हात कुणाचा?

गाडी घेण्याआधी तू मला विचारलं नाहीस म्हणून मी रुसलेलो नाही. विचारलं असतंस तर मी "नको" म्हणालो असतो आणि तू तरीही घेतली असतीस. 1995 ची माझ्दा मियाटा, लाल, दोन सीटची, छत उघडणारी. ताई परवा मला म्हणाली, "अरे, त्यात धड डबा ठेवायला तरी जागा आहे का?" तिला म्हटलं, आहे. एक डबा आणि एक छत्री. छत्री का, ते पुढे सांगतो.

माझी 1992 ची, बावीस वर्षं माझ्याकडे आहे. मिशिगनच्या हिवाळ्यात ती गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपते आणि रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की बाहेर येते. या बावीस वर्षांत मी तिच्यावर जेवढा खर्च केला, त्यातला निम्मा न झालेल्या दुखण्यांवर केला. तुझा तसा होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

आमच्या लहानपणी पुण्यात नाना पेठेत एक मिस्त्री होते. दादांची फियाट त्यांच्याकडे जायची. दादा तक्रारी सांगायला लागले की ते हातातलं फडकं खांद्यावर टाकत आणि एकच विचारत, "शेवटचा हात कुणाचा?" म्हणजे बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीला कुणी, कुठे, कशासाठी हात लावला होता? दादांना वाटायचं, मिस्त्री दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोय. मलाही तसंच वाटायचं. पुढे स्वतःचे खिसे रिकामे झाले तेव्हा कळलं की तो माणूस निदान करत होता. धडधाकट गाडी एका रात्रीत बिघडत नाही. बऱ्याचदा कुणीतरी काहीतरी सोडलेलं असतं आणि परत नीट लावलेलं नसतं.

माझंच सांगतो. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात ती सिग्नलला बंद पडायला लागली. ॲक्सिलरेटर दिला की आधी गुदमरायची, मग एक झटका द्यायची. मी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोल फिल्टर बदलला, इग्निशन कॉइल बदलली. चारशेच्या वर डॉलर गेले आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी एका रविवारी बॉनेट उघडून नुसता बसून राहिलो आणि मिस्त्री आठवले. शेवटचा हात माझाच होता! मीच एअर फिल्टर बदलला होता. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत रेडिएटरच्या मागून आडवा जाणारा एक जाड रबरी पाइप असतो, घड्याघड्यांचा. तो ओढताना एका घडीत चीर पडली होती. वरून दिसायची नाही. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन जागच्या जागी जरा कलतं, तेव्हा तेवढी चीर उघडायची. तिथून आत शिरलेली हवा मापकाने मोजलेलीच नसायची, त्यामुळे संगणक पेट्रोल कमी सोडायचा आणि इंजिन उपाशी राहायचं.

तुझीही सिग्नलला बंद पडते म्हणालीस. आणि "मामा, बाकी काही असो, एअर फिल्टर मात्र कोरा करकरीत आहे" हे कौतुकाने सांगितलंस. मी तेव्हाच कान टवकारले. विकायच्या आधी लोक स्वस्तातली आणि दिसणारी वस्तू बदलतात. तेव्हा आधी तो पाइप बघ. इंजिन बंद आणि थंड असताना बॅटरी लावून प्रत्येक घडी बोटांनी फाकवून बघ. दोन्ही टोकांचे पट्टे घट्ट आहेत का ते बघ. मग इंजिन सुरू करून पाइप हाताने हळूच हलव. इंजिनचा आवाज खाली-वर झाला तर चोर सापडला. हे करताना ओढणी, मोकळे केस, बांगडी काही नको. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि तुला न विचारता सुरू होतो.

पाइप ठीक निघाला तर मग प्लगच्या वायरी. रात्री दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मार, हात मात्र लांब ठेव. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर इंजिन अडखळण्याचं कारण ते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, मग दोन दिवस चालव. तीन वस्तू एकदम बदलल्यास आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे तुला कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही बदलशील.

तो तीस डॉलरचा स्कॅनर मागवू नकोस. तो ज्या सॉकेटला लागतो ते अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना 1996 पासून सक्तीचं झालं. तुझी त्याच्या एक वर्ष आधीची. तुझ्या गाडीत बॉनेटखाली एक छोटी काळी डबी आहे, झाकणाच्या आत प्रत्येक खाचेचं नाव छापलेलं असतं. त्यातल्या टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडायच्या, किल्ली फिरवायची आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. लांब मिचकणं म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. खाच चुकवू नकोस, नाव दोनदा वाच.

आता सकाळची टकटक. तुला वाटलं इंजिन गेलं. गेलं नाही. या पिढीच्या, म्हणजे 1997 पर्यंतच्या, इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. त्यांच्यात तेल भरून राहावं लागतं. गाडी उभी राहिली की ते रिकामे होतात आणि सकाळी शिलाई मशीनसारखे वाजतात. इंजिन तापल्यावर आवाज थांबत असेल तर आधी तेलाची पातळी बघ, मग तेल आणि फिल्टर बदल, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी हायवेवर चांगली अर्धा तास पळव. दुकानाला जाण्यापुरती काढलेली मियाटा हमखास टकटकते. घाबरायचा आवाज वेगळा असतो. तो जड असतो, खालून येतो आणि चढावर जोर दिला की वाढतो. तसा आला तर इंजिन बंद कर आणि मला फोन कर, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

आणि डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर विसंबू नकोस. माझ्या गाडीत तो खरा आहे, आरपीएमबरोबर चढतो-उतरतो. 1995 पासून माझ्दाने तो नावापुरता ठेवला. प्रेशर आहे की नाही एवढंच तो सांगतो, बाकी मधोमध उभा. डिपस्टिक रोज ओढ. डिपस्टिक खोटं बोलत नाही.

छत्री म्हटलं होतं ना. सीटमागचा गालिचा ओला होतो म्हणालीस आणि छताचं कापड फाटलंय का म्हणून शोधत बसलीस. कापड बहुधा चांगलं असेल. छतावरून वाहिलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबांपाशी, एकेका भोकात उतरतं आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे खाली बाहेर पडतं. त्या भोकांत पाइनच्या सुया, धूळ, पानांचा चिखल बसतो. मग पाणी आत सांडतं, दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. वाटीभर पाणी दोन्ही भोकांत ओतून बघ. खाली लगेच धार आली पाहिजे. नाही आली तर मऊ, लवचीक काहीतरी हळूहळू सरकव. तारेचा हँगर घालू नकोस, आतली नळी फाटली तर आजार कायमचा. मग गालिचा उचलून खालचा फोम वाळव. तो स्पंजसारखा आठवडे आठवडे पाणी धरून ठेवतो.

हे बघताना मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारत जा. पत्र्याचा आवाज टण येतो. भद्द आला तर आत लांबी भरून वर रंग मारलाय. विकणाऱ्याने गाडी टेनेसीची म्हणून सांगितलं म्हणालीस. ती टेनेसीत वाढली की ओहायोच्या मिठात, हे कागदापेक्षा हा पत्रा खरं सांगेल.

मग डिकी उघडून बॅटरीही बघून घे. या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे नेहमीची पाण्याची स्वस्त बॅटरी कुणी बसवली असेल तर तिची वाफ डिकीतच कोंडते आणि आम्लाने पत्रा कुजतो. सीलबंद, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्या जोडता येतील अशीच बॅटरी हवी. टर्मिनल हाताने हलवून बघ. हलत असेल तर अर्धे विजेचे आजार तिथेच मिटतील.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकचा रंग काळा हवा. हिरवट-तपकिरी झाला असेल तर ते तडकायच्या बेतात आहे, या उन्हाळ्याआधी बदल. टायमिंग बेल्टची मुदत 60,000 मैलांची. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धर, आणि त्याबरोबर पाण्याचा पंपही घाल, कारण तेवढंच काम परत उघडावं लागतं. दिलासा एवढाच की तुझ्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, फक्त रस्त्यात उभी राहशील. टायरच्या बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही छान असू दे, टायर दहा वर्षांचा असेल तर पावसात त्याच्यावर भरवसा नाही. पहिल्या दोन मैलांत दुसरा गिअर अडतो, ती या गाडीची खोड आहे. गिअरबॉक्सचं तेल बदललंस की कमी होईल, पुरती जाणार नाही. हेडलाइटचा एक डोळा उघडला नाही तर तो उचलणाऱ्या मोटारच्या टोकाची गोल मूठ हाताने फिरवता येते, पण आधी त्याचा फ्यूज काढ, नाहीतर मोटार मध्येच जागी होऊन बोटं धरेल. छत खाली करताना आधी मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन उघड, आणि थंडीत ती काच दुमडूच नकोस.

वीस मिनिटं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. मागचं एक चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने उभ्या ठेवलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. लोखंडी घोड्या लावल्याशिवाय नाहीच. हे मी ताईच्या वतीने सांगतोय.

पण सगळ्यांत आधी एक काम कर. विकणाऱ्याचा नंबर अजून आहे ना? त्याला एक फोन लाव, भांडायला नाही. विचार, गेल्या वर्षभरात काय काय बदललं, कुणी बदललं, का बदललं. गाडी विकली गेल्यावर माणसं खरं बोलतात, आता त्यांचं काही जाणार नसतं. जे सांगेल ते वहीत लिही. त्याच वहीत रोजची तेलाची, कूलंटची आणि ब्रेक ऑइलची पातळी. पहिला आठवडा हातात पाना नाही, फक्त पेन. दुसऱ्या आठवड्यात सगळी तेलं एकदा बदलून टाक, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, क्लच आणि कूलंट. तिथून पुढे शेवटचा हात तुझा आणि हिशेबही तुझा.

राहता राहिला क्लच. एक दिवस पेडल हलकं लागेल, पहिला आणि रिव्हर्स गिअर पडणार नाही, दोन-तीनदा पंप केल्यावर पडेल. कुणीतरी म्हणेल, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हजार डॉलर. हो म्हणू नकोस. आधी क्लचच्या तेलाची छोटी बाटली बघ, काळी आणि रिकामी दिसेल. मग खाली गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला स्लेव्ह सिलिंडर आहे, त्याचं रबरी टोपण जरासं सोल. आत ओलं असेल तर काम संपलं. दोन बोल्ट, एक नळी आणि हवा काढायला पेडल दाबणारी एक मैत्रीण. तो भाग आजच मागव आणि डब्याशेजारी डिकीत ठेवून दे. या गाड्यांत तो जातोच.